सीझरच्या कार्डावर दोन ओळी लिहा: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातली. मोठी मुलगी साडेतीन वर्षांची, आणि आता सातवा महिना लागलाय. मुलीच्या वेळी सीझर झालं. या खेपेला नॉर्मल व्हावं म्हणून माझी तयारी चालली आहे. त्यात जिथे अडकले, ते सांगायला हे पत्र.

गेल्या महिन्यात डॉक्टरबाईंनी जुनं डिस्चार्ज कार्ड मागितलं. मी ते लॅमिनेट करून जपलंय. त्यांनी पुढून वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा पुढून वाचलं. 'सिझेरियन, स्त्री, २.९ किलो' आणि टाके काढायची तारीख, एवढंच. सीझर का केलं, गर्भपिशवीवर छेद कुठे घेतला, याचा एक शब्द नाही. "पोटावरचा व्रण आडवा आहे, पण आत पिशवीवरचा कसा आहे ते बाहेरून कसं सांगू?" त्या म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत, पण हो म्हणायलाही त्यांचा जीव धजेना. माझे मिस्टर त्या दवाखान्यात दोनदा जाऊन आले. केसपेपर मिळाला नाही.

साहेब, सगळा निर्णय याच माहितीवर असतो. पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद असेल, तर कळांमध्ये पिशवी फाटण्याचा धोका साधारण २०० जणींत एकीला. छेद उभा आणि वरच्या भागात असेल तर तो इतका वाढतो की कळांची वाटच पाहत नाहीत. कारणाचंही तसंच. बाळ पायाळू होतं म्हणून सीझर झालं असेल, तर हे बाळ पायाळू असेलच असं नाही. पिशवीचं तोंड पूर्ण उघडूनही बाळ खाली सरकलं नसेल, तर विचार वेगळा करावा लागतो. नीट पारखून प्रयत्न केला तर साधारण चारपैकी तिघींचं नॉर्मल होतं. चौथीला ऐनवेळी सीझर लागतं, हे मला माहीत आहे, आणि तसं लागलं तर माझी तयारी आहे. पण दर सीझरगणिक पुढच्या खेपेला वार (प्लॅसेंटा) जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो, तेव्हा रक्तस्राव जिवावर बेततो. म्हणून प्रयत्न तरी करू द्यावा, एवढंच माझं म्हणणं.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या राज्यात दर चार बाळंतपणांत एक सीझर. म्हणजे माझ्यासारखं कार्ड घेऊन फिरणाऱ्या किती असतील!

सरकारी असो वा खासगी, प्रत्येक सीझरनंतर कार्डावर कारण आणि पिशवीवरच्या छेदाची जागा मराठीत, डॉक्टरांच्या सहीनिशी लिहिणं सक्तीचं करा. लिहायला दोन मिनिटं लागतात. आणि रात्री-अपरात्रीही भूलतज्ज्ञ, रक्त आणि थिएटर तयार असतं अशा जिल्ह्यातल्या रुग्णालयांची यादी आशाताईंच्या हातात द्या. भूलतज्ज्ञाला फोन करून बोलवावं लागतं, तिथे मी कळा देऊ शकत नाही. पिशवी फाटली तर बाळाच्या हाताशी मिनिटंच असतात.

माझी धाकटी जाऊ पहिलटकरीण आहे. तिची तारीख माझ्या आधी तीन आठवडे. तिचं सीझर झालंच, तर तिच्या कार्डावर त्या दोन ओळी असाव्यात.

आपली नम्र,
एक आई, सातारा जिल्हा