लहान धरणांवर बंदीचे फलक नकोत, जबाबदार माणूस द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय,
मृद व जलसंधारण विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पावसाळा महिन्यावर आला आहे. जुलैत आमचा तलाव भरेल, सांडवा म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट वाहू लागेल आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी बंधाऱ्यापासून फाट्यापर्यंत गाड्यांची रांग लागेल. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका रीलमुळे आमच्याकडची गर्दी एका हंगामात दुप्पट झाली, त्यात या पत्राने आणखी भर नको. सह्याद्रीच्या पायथ्याला असे तलाव जागोजागी आहेत. त्यातला कोणताही डोळ्यांपुढे आणा, हे पत्र त्याला लागू पडेल.

आमच्या तलावाचे काम ७२ च्या दुष्काळात निघाले. माझी आई त्याच्या मातीच्या भरावावर पाट्या टाकायला होती. सुकडी खाऊन, उन्हातान्हात गावातल्या बायकांनी ही भिंत उभी केली. त्यामुळे हा तलाव आम्हाला सरकारी वास्तू वाटत नाही, घरचा वाटतो. पोळ्याला बैल इथेच धुतले जातात, गणपती इथेच विसर्जित होतात, पोरे पोहायला इथेच शिकतात. शहरातून येणाऱ्यांबद्दलही आमची तक्रार नाही. आठवडाभर चार भिंतींत कोंडलेल्या माणसाला पाण्याची ओढ वाटणारच, आणि त्यांच्यामुळे आमच्या वाडीतल्या बायकांच्या कणसाला आणि भज्यांना गिऱ्हाईक मिळते.

तक्रार आहे ती या पाण्याला धनी नसण्याची. तलाव आपल्या विभागाकडे, मासेमारीचा ठेका सोसायटीकडे, एका बाजूचा डोंगर वनखात्याचा, रस्ता जिल्हा परिषदेचा आणि कोणी बुडाले की पंचनामा पोलिसांचा. पूर्वी तलावावर चौकीदार असायचा. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी आलेच नाही. त्याच्या खोलीचे पत्रेही आता जागेवर नाहीत. बाकीची सगळी दुखणी या एका रिकाम्या जागेपाशी येऊन थांबतात, म्हणून हे पत्र.

सांडव्याचेच पाहा. मोठ्या धरणाला दारे असतात. विसर्ग सोडण्याआधी भोंगा वाजतो, नदीकाठच्या गावांना निरोप जातो. आमच्या सांडव्याला दारेच नाहीत. तलाव भरला की वरून जेवढे येईल तेवढे आपोआप पुढे जाते. सांडव्यावर घोट्याएवढे पाणी असते, लोक त्यात लेकरांना घेऊन बसतात, फोटो काढतात. तेवढ्यात वर डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस होतो, तो खाली बसलेल्यांना दिसतही नाही. थोड्याच वेळात पाणी गुडघ्याला लागते. खालच्या काँक्रीटवर शेवाळ इतके असते की कोरड्यात चालणारा धडधाकट माणूसही तिथे घसरतो, मग वाहत्या पाण्यात पाय कसा टिकणार? ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वाढत्या लोंढ्यात एकमेकांना धरून उभे असलेले ते लोक सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिले. पाणी वाढतेय, बाहेर या, असे वेळेवर ओरडून सांगायला तिथे कोणी असते तर?

आतल्या बाजूचा धोका वेगळा आहे. भरावाला काळ्या दगडाचे पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर आहे. उतरताना ते सोपे वाटते, पण ओल्या दगडावरून वर येताना हाताला काही लागत नाही. गावची पोरे म्हणूनच तिथून उतरत नाहीत, पाहुणे उतरतात. तलावातले पाणी शेतीला सोडायच्या विमोचकाच्या विहिरीवरून उड्या मारायची हौसही पाहुण्यांनाच. आवर्तन, म्हणजे शेतीला पाण्याची पाळी, चालू असेल आणि झडप उघडी असेल तर खाली पाण्याला केवढी ओढ असते, हे त्यांना कोण सांगणार?

आणखी एक गोष्ट आपल्या विभागाशी थेट संबंधित आहे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना चांगली आहे. आमच्या माळरानावर त्या गाळाने ज्वारी उभी राहिली, हे मी आनंदाने लिहिते. पण जेसीबीने उन्हाळ्यात जिथे जिथे गाळ उचलला, तिथे उभ्या कडांचे खड्डे राहिले. तलाव भरला की वरून सगळे पाणी सारखेच दिसते. पूर्वी काठापासून वीस पावलांवर कमरेएवढे पाणी असायचे, तिथे आता पुढचे पाऊल टाकले की दोन पुरुष खोल. वर्षानुवर्षे त्याच जागी पोहणारा माणूसही फसतो. गाळ काढताना काठाकडची बाजू उताराची ठेवायची आणि खोल भाग खांब रोवून दाखवायचा, एवढी अट कार्यारंभ आदेशात घातली तरी अनेक घरे वाचतील.

बुडणाऱ्याची मिठी सुटत नाही, हे नदीकाठच्या कोणालाही ठाऊक असते. एकाला काढायला दुसरा जातो आणि घरी दोन प्रेते येतात. त्यावरचा उपाय महाग नाही. झाकण घट्ट लावलेला वीस लिटरचा रिकामा कॅन आणि त्याला बांधलेली लांब नायलॉन दोरी सांडव्यापाशी आणि घाटापाशी टांगलेली असली, तर काठावरूनच माणूस ओढता येतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या तरुणांनी अशा दोन दोऱ्या टांगल्या. आठवड्यात दोरी कोणीतरी सोडून नेली आणि कॅन तेवढे उरले. राखण करणारा नसेल तर दोरीसुद्धा टिकत नाही.

आता भिंतीबद्दल. लोकांचे पोहणे आणि धरणाची मजबुती हे दोन वेगळे विषय समजले जातात, माझ्या मते ते एकच आहेत. रविवारी भरावाच्या माथ्यावर गाड्या उभ्या राहतात, चाकांच्या चाकोऱ्या पडतात, त्यात पावसाचे पाणी साचून भरावात मुरते. भरावावर बाभळी आणि घाणेरी माजली आहे. तिची मुळे कुजली की पाण्याला आयती वाट होते. मातीच्या धरणाला थोडा पाझर असतोच. तो स्वच्छ असेल तोवर तेवढी काळजी नाही, तो गढूळ झाला की भरावातली माती पाण्याबरोबर बाहेर पडू लागली असे समजायचे. पण पायथ्याशी गुडघाभर गवत असेल तर पाझर गढूळ आहे की स्वच्छ, हे पाहणार कोण?

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. भेंदवाडीतली घरे गेली, वीसहून अधिक माणसे गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर खेकड्यांनी भिंत पोखरल्याचे कारण पुढे आले. बिळे खेकड्यांची असोत की घुशींची, ती दिसायला भराव साफ हवा आणि त्यावरून रोज चालणारा माणूस हवा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो, १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर. आमचा तलाव दोन्हींत बसत नाही. पण त्याच्या खाली तीन वाड्या आणि एक शाळा आहे.

बंदी आदेशाचे म्हणाल तर पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. अतिवृष्टीच्या दिवसांत ते हवेतच, त्याला माझा विरोध नाही. पण फाट्यावर पोलीस उभा राहिला की लोक मागच्या ओढ्याने, अधिक अवघड वाटेने पाण्याकडे जातात. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघे दगावले. तो पूल धोकादायक ठरवलेला होता, तरी लोक त्यावर होते. फलक माणसाला अडवत नाही.

म्हणून मागणी एकच करते. आपल्या विभागाच्या ज्या तलावांवर लोक येतात, त्या प्रत्येकावर पावसाळ्याचे चार महिने तरी एक माणूस नेमा. तो गावातलाच, पट्टीचा पोहणारा असावा. सकाळी त्याने भरावावरून आणि पायथ्याने चक्कर मारावी, पाझर पाहावा, पाणीपातळी वहीत लिहावी. दुपारनंतर त्याने सांडव्यापाशी थांबावे. त्याच्याकडे शिट्टी, दोरी आणि शाखा अभियंत्याचा असा नंबर असावा की जो उचलला जाईल. पिचिंगपासून आणि सांडव्यापासून दूर, उथळ उताराची एक जागा खांब रोवून पोहण्यासाठी ठरवून द्या. माथ्यावर गाडी जाणार नाही असा अडसर घाला. पार्किंगची पावती ग्रामपंचायतीला फाडू द्या, त्या माणसाच्या मानधनाचा मोठा भाग त्यातूनच निघेल. आमच्या ग्रामसभेने असा ठराव करून पाठवलेला आहे. वरच्या कार्यालयातून उत्तर आले की निधीचे शीर्ष, म्हणजे असा खर्च टाकायचे अंदाजपत्रकातले खाते, उपलब्ध नाही.

ते शीर्ष आपण उघडू शकता. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत प्रत्येक तालुक्याच्या अभियंत्याला सरपंचांसोबत तलावाची भिंत पायी फिरायला सांगा आणि त्या पाहणीचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला लावा. आमच्याकडे अभियंता येईल त्या दिवशी झुडपे तोडायला कोयते घेऊन आम्ही हजर असू.

आपली विश्वासू,
लाभक्षेत्रातील एक शेतकरी