बॉर्नव्हिलचे घर नोकरीला बांधलेले नव्हते

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला इंग्लंडमधल्या आदर्श गावांवरचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. लेखकाने पोर्ट सनलाइट आणि बॉर्नव्हिल एकाच दावणीला बांधून टाकली आहेत. दोन्ही म्हणे मालकांनी आपापल्या कामगारांसाठी उभारलेल्या वसाहती! पोर्ट सनलाइटपुरते ते बरोबर आहे. १८८८ साली लीव्हर यांनी साबणाच्या कारखान्याला लागून ते गाव वसवायला घेतले. घरे कारखान्यातल्या माणसांना मिळत आणि नोकरी सुटली की घरही सुटे. बर्मिंगहॅमच्या चॉकलेटवाल्या कॅडबरींनी वसवलेल्या बॉर्नव्हिलची गोष्ट वेगळी आहे, तिथे घर नोकरीवर अवलंबून नव्हते, आणि हा फरक किरकोळ नाही.

किरकोळ का नाही, ते सांगते. माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते. ते गेले तेव्हा मी नववीत होते. तेरावे उरकून आठवडाही झाला नव्हता, तोच क्वार्टर रिकामे करा म्हणून कागद आला. मागच्या दारी वडिलांनी लावलेल्या पेरूने त्याच वर्षी पहिल्यांदा फळ धरले होते. सामान ट्रकमध्ये चढत होते आणि आई कच्चे पेरू उतरवून पिशवीत भरत होती. कढीपत्त्याचे रोप तिने मातीसकट डालड्याच्या डब्यात घेतले. मामाकडे गेल्यावर ते पेरू तांदळात ठेवले, पण ते पिकले नाहीत, नुसते सुरकुतले. आईने ते बरेच दिवस टाकू दिले नाहीत.

मुलगी बर्मिंगहॅमला असते. तिच्याकडे गेले असताना मी बॉर्नव्हिलला चारपाच वेळा जाऊन आले. तिथे घर बांधतानाच मागच्या बागेत फळझाडे लावून देत, आणि घराने जागेच्या चौथाईहून जास्त जमीन व्यापायची नाही असा दंडक होता. एका कुंपणावरून सफरचंदाची फांदी रस्त्यावर आली होती. मी तिथे किती वेळ उभी होते, ते मुलीलाच विचारा.

कॅडबरी बंधूंनी १८७९ मध्ये कारखाना शहरातून तिथे हलवला. गावासाठी जॉर्ज कॅडबरी यांनी १८९३ मध्ये १२० एकर जमीन घेतली आणि दोन वर्षांनी बांधकाम सुरू झाले. वास्तुरचनाकार हार्वे तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता. सुरुवातीची घरे ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, तर काहींनी ती नफा घेऊन विकली. ते पाहून १९०० साली जॉर्ज यांनी ३३० एकर जमीन आणि ३१३ घरे एका ट्रस्टच्या नावे करून दिली. स्वतः किंवा वारसांनी त्यातून पैसा घ्यायचा नाही, उत्पन्न घरांवरच खर्च करायचे, असे ठरले. विश्वस्तांत घरचीच माणसे होती, हे मान्य. पण घर मिळायला कॅडबरीची नोकरी लागत नसे. कितीतरी बिऱ्हाडकरूंचा कारखान्याशी संबंधच नव्हता. लेखात ट्रस्टचा उल्लेख एका ओळीतही नाही! गावात पब नाही, यावर मात्र आख्खा परिच्छेद आहे. जॉर्ज ख्रिस्ती धर्मातल्या क्वेकर पंथाचे होते आणि त्यांना दारू नको होती, एवढ्या एका वाक्यात ते भागले असते.

२०१० मध्ये कॅडबरी कंपनी अमेरिकेच्या क्राफ्टने घेतली. गावाची व्यवस्था आजही त्या ट्रस्टकडेच आहे. कंपनीचा मालक बदलला म्हणून कोणाला सामान आवरावे लागले नाही. आमच्या वेळी असा एक कागद कोणी करून ठेवला असता तर!

आणखी एक. फोटोखाली 'गावातले जुने चर्च' असे छापले आहे. ते चर्च नव्हे. जॉर्ज आणि एलिझाबेथ यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेले ते अष्टकोनी विश्रामगृह आहे. हिरवळीच्या मधोमध उभे आहे, चुकायचे काही कारण नव्हते.

मागे एका चुकीबद्दल लिहिले होते, तेव्हा चूक वगळून 'लेख आवडला' एवढेच छापलेत. या वेळी जागा कमी पडली तर फोटोचा मजकूर काढा. ट्रस्टबद्दलचा काढू नका.

आपली नियमित वाचक,
पुणे