अन्नसाखळी घारीपाशी संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांसाठीच्या पुरवण्यांमध्ये आणि तक्त्यांवर अन्नसाखळीचं एक ठरलेलं चित्र असतं. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. कोपऱ्यात हसरा सूर्य आणि खाली तपकिरी पट्टा, म्हणजे जमीन. मी प्राथमिकच्या मुलांना परिसंस्था शिकवते. हे चित्र पुढे ठेवलं की एखादं मूल हमखास विचारतं, "बाई, मग घार मेल्यावर तिला कोण खातं?" प्रश्न अगदी नेमका आहे आणि त्याचं उत्तर त्या तपकिरी पट्ट्यात आहे. पण तिथे काहीच काढलेलं नसतं.

सजीव आणि निर्जीव अशा दोन रकान्यांची सवय आपणच मुलांना लावतो. एकदा मी वर्गाला असाच तक्ता भरायला दिला होता. एका मुलीने ‘वाळलेलं पान’ दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिलं. मी ते चूक ठरवलं, आणि त्याची रुखरुख अजून आहे. ते पान कधीकाळी जिवंत होतं. आता त्यावर बुरशी आणि जिवाणू जगत आहेत आणि त्यातली पोषकद्रव्यं हळूहळू मातीत उतरून पुन्हा मुळांना मिळणार आहेत. दगड निर्जीव आणि पान मृत, हा फरक त्या मुलीला दिसला होता. मला त्या दिवशी दिसला नाही.

तेव्हापासून मी तक्त्याआधी मातीचं कोरडं ढेकूळ आणते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन ते अलगद सोडायचं आणि गप्प बसून बघायचं. ढेकळातून बुडबुड्यांची माळ वर येते. ही मातीतली हवा! चांगल्या भुसभुशीत मातीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ्यांचा असतो आणि त्यांत हवा नि पाणी असतं. गांडूळ त्वचेवाटे श्वास घेतं, त्यासाठी त्याला ओल लागते. ती ओल माती देते, आणि गांडुळाने केलेल्या बिळांतून मातीत हवा-पाणी खेळतं. बुडबुडे पाहिलेल्या मुलांना हे देणंघेणं समजावत बसावं लागत नाही.

तळ्याचंही तसंच. उन्हाळ्यात पहाटे काही तळ्यांमध्ये मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: गोड्या पाण्यात ० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यात रात्रभर शेवाळ प्रकाशसंश्लेषण करत नाही, उलट तेही श्वसन करतं, म्हणून पहाटे टंचाई सर्वांत जास्त. तापमान सजीव नाही, पण माशाचा जीव त्याच्यावर टांगलेला असतो.

१९३५ साली आर्थर टॅन्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘इकोसिस्टिम’ म्हणजेच परिसंस्था ही संकल्पना मांडली ती याच आग्रहाने: सजीवांना त्यांच्या भोवतालच्या माती, पाणी, हवामानापासून तोडून पाहू नका. आपली चित्रं मात्र आजही ते तोडतात.

बाणांचाही घोळ आहेच. ‘गवत → नाकतोडा’ हा बाण ऊर्जा कुठून कुठे जाते ते सांगतो, पण पुष्कळ मुलं तो ‘गवत नाकतोड्याला खातं’ असा वाचतात. बाणाशेजारी ‘ऊर्जा’ एवढा शब्द छापला तरी पुरे.

आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी हे चित्र येईल तेव्हा एवढी विनंती: जमिनीचा पट्टा थोडा जाड काढावा. त्यात गांडूळ, बुरशीचे धागे, पाण्याचे थेंब, हवेच्या पोकळ्या दाखवाव्यात. आणि घारीपासून एक बाण खाली मातीकडे आणावा, मातीतून पोषकद्रव्यांचा एक बाण, वेगळ्या रंगात, पुन्हा गवताकडे न्यावा.

आपली,
एक शिक्षिका-वाचक