तू त्या खोलीत नसताना

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा मीटिंग संपल्या संपल्या तू फोन केलास तेव्हा तुझा आवाज पार उतरला होता. "बाबा, काम वाईट नव्हतं. मलाच सांगता आलं नाही," एवढंच म्हणालीस आणि विषय बदललास. रात्री तू पाठवलेलं प्रेझेंटेशन उघडलं. बाराच्या बारा स्लाइड दोनदा पाहिल्या. काम वाईट नाहीच. चांगलं आहे, आणि हे मी बाप म्हणून म्हणत नाहीये. वीस-बावीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसलोय, डिझायनर काम दाखवायला येतात त्या बाजूला. तिथून काय ऐकू येतं आणि काय येत नाही, हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. आज सांगतो.

एक जुनी गोष्ट माझ्या मनात अजून सलते. आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालाचं मुखपृष्ठ करायला एक तरुण मुलगा आला होता. गडद हिरवं पान, आणि डावीकडून निघालेली एकच बारीक पांढरी रेघ. ती उजव्या कडेपर्यंत जात नव्हती, अलीकडेच थांबत होती. मला ते बघताक्षणी आवडलं. तो म्हणाला, "सर, खूप ट्राय केलं, पण हा ग्रीन इथे एकदम बरोबर वाटतोय. फील येतोय." मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी वर साहेबांकडे गेलो. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. हिरवाच का? आणि ही रेघ मध्येच का थांबलीये, छपाईत चूक आहे का?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "छान दिसतंय," असं काहीतरी पुटपुटलो. साहेबांनी कागद बाजूला सारला आणि मागच्या वर्षीचंच मुखपृष्ठ साल बदलून छापलं गेलं. त्या मुलाला मी कळवलं की वरून वेगळा निर्णय झाला. बरेच महिने उलटल्यावर दुसऱ्या कामासाठी तो आला, तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "ती रेघ पानाच्या तीन चतुर्थांशावर थांबवली होती, कारण तुमच्या त्या वर्षीच्या उद्दिष्टाचं तेवढं काम पुरं झालं होतं. आणि हिरवा तुमच्याच जुन्या पाटीवरचा होता." चिऊ, मी सुन्न झालो. ही दोन वाक्यं त्याने आधी माझ्या हातात दिली असती, तर मी ती जशीच्या तशी साहेबांना सांगितली असती आणि ते पान छापलं गेलं असतं. एक चांगलं काम माझ्या हातून मेलं, आणि ते वाचवण्याचे शब्द त्याच्यापाशीच राहिले.

म्हणून सांगतो, तू ज्या माणसासमोर बोलतेस तो बहुतेक वेळा शेवटचा माणूस नसतो. तो तुझं काम घेऊन दुसऱ्या खोलीत जाणार असतो. भागीदारांकडे, हिशेब बघणाऱ्यांकडे, कधी घरच्यांकडेसुद्धा. तिथे तू नसतेस. तुझं तिथलं बोलणं त्यालाच बोलायचं असतं. त्याच्या तोंडी बसतील असे शब्द तू त्याला दिलेस का, हे बघायचं. आम्ही पलीकडे बसणारी माणसं घाबरलेली असतो गं. आपल्याला यातलं कळत नाही, आपण हो म्हणू आणि उद्या कोणीतरी विचारेल, या भीतीपोटी आम्ही "जरा अजून काहीतरी करा" म्हणतो.

आता तुझ्या कामाकडे येतो. डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची सूचनापत्रिका. तिसऱ्या स्लाइडवर तू लिहिलंयस: "क्लीन, मॉडर्न आणि मिनिमल लूक. भरपूर व्हाइट स्पेस. शांत कलर पॅलेट." हे वाक्य उचलून बँकेच्या फॉर्मवर ठेव, शाळेच्या माहितीपत्रकावर ठेव, कुठेही बसेल. जे कुठेही बसतं त्याने या डॉक्टरांना काहीच कळत नाही. आणि "व्हाइट स्पेस" म्हटल्यावर त्यांना दिसली ती रिकामी जागा, ज्याचे छपाईचे पैसे ते देणार आहेत. मग ते म्हणालेच की इथे आमच्या बाकीच्या सेवा टाका आणि लोगो मोठा करा. त्यांचं काय चुकलं?

पण तू ते पान करताना काय विचार केलास, हे मला ठाऊक आहे. महिन्याभरापूर्वी तूच मला तासभर सांगत होतीस. पेशंट घरी येतो, एका डोळ्यावर संरक्षक झाकण असतं. हातात दोन बाटल्या असतात. एक जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, दुसरी सूज उतरावी म्हणून. दुसरीचे थेंब आठवड्यागणिक कमी करत न्यायचे असतात. दोन्ही थेंब एकापाठोपाठ टाकले तर पहिलं औषध वाहून जातं, म्हणून मध्ये पाच मिनिटं थांबायचं असतं. हे सगळं बऱ्याचदा सत्तरीतल्या माणसाला लक्षात ठेवायचं असतं. तू पानावर दोन बाटल्यांचे दोन वेगळे पट्टे केलेस, त्यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा ठेवलीस आणि प्रत्येक वेळेपुढे खूण करायला चौकोन दिलास. किती सुरेख विचार आहे हा! आणि मीटिंगमध्ये त्यातलं एक अक्षरही तू बोलली नाहीस.

मी असतो तर असं म्हटलं असतं: "डॉक्टर, तुमचा पेशंट हे पान एका डोळ्याने वाचणार आहे. त्याला दोन बाटल्यांची गल्लत होऊ नये, म्हणून त्यांच्यात इतकं अंतर ठेवलंय. हे चौकोन थेंब टाकल्यावर खूण करायला आहेत. सोमवारी तपासणीला येईल तेव्हा हे पान बरोबर आणायला सांगा, कुठला थेंब चुकला ते तुम्हाला लगेच दिसेल." इतकंच. यात मिनिमल नाही, पॅलेट नाही. पण डॉक्टर हे उद्या आपल्या भागीदाराला जसंच्या तसं सांगू शकतील. त्या मोकळ्या जागेत सेवांची यादी टाकायचं मग कोणाच्या मनात येईल?

आणखी एक. तुझा हिरमोड झाला तो फिकट निळ्यावरून, हो ना? मजकूर आमच्या निळ्या रंगात करा म्हणाले आणि तू गप्प बसलीस. तिथे तुझ्याकडे आवडीनिवडीपलीकडचा आधार होता. हीच पत्रिका पेशंटच्या फोनवरही जाणार आहे, असं तूच लिहिलंयस. पडद्यावरच्या मजकुरासाठी सुलभतेचे जागतिक निकष आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात ते. साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेड-अंधाराचा फरक किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. त्यांचा फिकट निळा पांढऱ्यावर मोजून बघ, मला तरी तो त्यात बसेलसं वाटत नाही. आणि पुढच्या वेळी नुसतं "नको" म्हणू नकोस. "तुमचा निळा वरच्या पट्टीला ठेवूया, तिथे तो लगेच ओळखू येतो. वाचायच्या ओळी गडदच ठेवू, कारण वाचणारा नुकताच ऑपरेशन करून आलाय," असं म्हण. डोळ्यांच्या डॉक्टरला हे पटणार नाही तर कोणाला पटेल?

क्लायंट जेव्हा "लोगो मोठा करा", "जरा उठावदार करा" म्हणतो तेव्हा तो तक्रार सांगत नसतो, त्याला सुचलेला उपाय सांगत असतो. मीही हेच करायचो, कारण तक्रार मांडायला माझ्याकडे शब्द नसायचे. एकदा मी लोगो मोठा करा असं तीनदा म्हटलं होतं. चौथ्यांदा त्या डिझायनरबाईंनी शांतपणे विचारलं, "कोणाला तो दिसणार नाही असं तुम्हाला वाटतंय?" तेव्हा माझ्या तोंडून खरं कारण निघालं: आमच्याच नावाशी मिळतंजुळतं नाव असलेली दुसरी संस्था होती आणि लोक गल्लत करायचे. त्यांनी लोगो होता तेवढाच ठेवला आणि नावाखाली आमच्या कामाची एक ओळ घातली. प्रश्न सुटला. त्या बाईंना मी पुढे अनेक कामं दिली. असा प्रश्न विचारायला तू शीक. तुझा स्वभाव मुळात ऐकून घेण्याचा आहे, तुला ते जमेल.

तू विचारलं होतंस, किती ऑप्शन दाखवायचे. यावर पॉल रँड या नावाजलेल्या अमेरिकन लोगो-डिझायनरचा किस्सा सगळेच सांगतात. १९८६ साली ॲपलवाल्या स्टीव्ह जॉब्जने 'नेक्स्ट' (NeXT) या आपल्या नव्या कंपनीचा लोगो त्यांच्याकडून करून घेतला. जॉब्जने अनेक पर्याय मागितले, रँडनी नकार दिला. मी तुमचा प्रश्न सोडवीन, वापरायचं की नाही ते तुम्ही ठरवा, अशी त्यांची भूमिका होती. हे ऐकून बरेच तरुण डिझायनर एकच ऑप्शन घेऊन ताठ मानेने जातात आणि तोंडावर आपटतात. कारण किश्शाचा दुसरा अर्धा भाग ते विसरतात. रँडनी लोगोबरोबर एक पुस्तिका दिली होती, आणि तिच्यात आपण तिथवर कसे पोचलो ते पायरीपायरीने दाखवलं होतं. इंग्रजीतली चारही अक्षरं कॅपिटल ठेवली तर तो शब्द 'एक्झिट'सारखा वाचला जाऊ शकतो, म्हणून मधलं 'ई' तेवढं लहान लिपीतलं केलं, असं त्यात सांगितलंय. आता ही गोष्ट एकदा ऐकल्यावर कोण विसरेल? जॉब्ज ती आपल्या कुठल्याही माणसाला दहा सेकंदांत सांगू शकत होता. एकच ऑप्शन चालला तो त्या पुस्तिकेमुळे, असं माझं ठाम मत आहे. (लोगोतल्या पिवळ्या छटेवरून जॉब्जने शंका काढली तेव्हा रँडनी टेबलावर मूठ आपटली, असंही सांगतात. ते तू करू नकोस. पन्नास वर्षांचं काम पाठीशी असलेल्या माणसाची ती मूठ होती.)

तू सध्या दोन दाखव. एक तुला पटलेला, आणि दुसरा खरोखर वेगळ्या विचाराचा. तिसरा नुसता भरतीला टाकू नकोस. क्लायंट नेमका तोच उचलतो आणि मग तो तुला महिनाभर करत बसावा लागतो. कुठला निवडावा हे तू आधी सांगून टाक. तुझं मत ऐकायलाच त्यांनी तुला बोलावलेलं असतं, हे माझ्यासारख्या पलीकडच्या माणसाकडून ऐक. डिझायनरने मत दिलं नाही की आम्हाला वाटायचं, याला स्वतःलाच खात्री नाही.

पोर्टफोलिओचं थोडक्यात. प्रत्येक कामाखाली तू फक्त सॉफ्टवेअरची नावं लिहिली आहेस, ती काढ. आधी काय अडत होतं, कोणासाठी केलं, त्यातला तुझा हात किती, आणि नंतर काय झालं, हे चार-पाच ओळींत लिही. नंतर काय झालं ते माहीत नसेल तर क्लायंटला फोन करून विचार. फुगवून काही लिहू नकोस. गटात केलेलं काम असेल तर तसं स्पष्ट लिही. त्याने तू लहान होत नाहीस.

आणि स्लाइड दाखवली की थोडं थांबत जा. तू घाईघाईने पुढे बोलत राहतेस, मला फोनवरच जाणवतं. माणूस बघत असतो तेव्हा त्याला ऐकू येत नाही. त्याला बघू दे. ती शांतता तुला फार लांब वाटेल, त्याला वाटत नाही.

डॉक्टरांनी तुला पुन्हा बोलावलंय, म्हणजे दार बंद झालेलं नाही. तोवर एक करू. रविवारी संध्याकाळी मला फोन कर आणि ते पान न दाखवता, नुसत्या शब्दांत, दोन मिनिटांत सांग. आईने ते पाहिलेलं नाही, तिला पाठवूही नकोस. तुझा फोन ठेवला की मी तिला जाऊन सांगेन, मला जेवढं आठवेल तेवढं. मग तिला फोन देतो. तिच्यापर्यंत काय पोचलं ते ती तुला सांगेल. वाटेत जे गळलं असेल त्यावर सोमवारी बसू.

तुझा,
बाबा