सोमवारी माझ्या हाताची शस्त्रक्रिया आहे

प्रिय आई-बाबा,

संमतीपत्रावर सही करून झाली आहे. पट्ट्यात पेन अडकवून, वाकडीतिकडी, पण माझीच. सोमवारी उजवा हात, लुळ्या बोटांत पकड यावी म्हणून. आधी विचारलं असतं तर बाबा, तुम्ही "आहे तेवढं तरी राहू दे" म्हणाला असतात आणि माझा धीर सुटला असता. रागावू नका.

आहे ते जात नाही, बाबा. कोपर वाकवणारे स्नायू तीन असतात. त्यातला एक सोडवून अंगठा मिटवणाऱ्या कंडरेला, म्हणजे स्नायूच्या दोरीला, जोडणार. उरलेले दोन कोपराला पुरतात. मनगट उचलणारे माझे दोन चांगले आहेत, त्यातला एक बोटांसाठी. हा माझ्यावर प्रयोगही नाही. एरिक मोबर्ग या स्वीडिश सर्जननी १९७५ सालीच अशा हातांत पकड आणणाऱ्या शस्त्रक्रियांवर लिहिलंय. मी ही शस्त्रक्रिया झालेल्या एका मुलीला भेटून आले. तिने अंगठा आणि तर्जनीची कड यांत किल्ली धरली आणि कुलपात फिरवली. मी तिला तीनदा फिरवायला लावली.

बधिरपणा जाणार नाही, एकेक बोट सुटं हलणार नाही, हेही आत्ताच सांगते. आज मनगट उचललं की बोटं आपोआप मिटतात, पण त्या पकडीत कागद राहतो, चमचा गळतो. मला ब्रश पट्ट्याशिवाय धरायचाय. लघवीची नळी स्वतः घालायचीय. आई, तू कधी तोंड वाकडं केलं नाहीस गं, तरी ते माझं मला करू दे.

सुरुवातीचे काही आठवडे त्या हातावर भार द्यायचा नाही. खुर्ची ढकलणं, पलंगावरून सरकणं बंद. आत्तापेक्षा जास्त अडलेली दिसेन, तेव्हा घाबरू नका. दिवसा सुषमाताई आहेत, रात्रीसाठी बाई ठरवलीय, कूस बदलायचे गजर लावलेत. मग शिकवणी: कोपर वाकवायचं मनात आणलं की अंगठा मिटला पाहिजे. बाबा, 'ग' गिरवताना माझ्या मुठीवर तुमची मूठ असायची ना? या वेळीही शेजारी बसा.

आई, मला उचलायचं नाही. मागच्या वेळचं पाठीचं विसरू नकोस. बाबांच्या बीपीच्या गोळ्या रविवारीच डबीत भर. दोघांनी मिळून दवाखान्यात रात्र काढायची नाही, एकानेही नाही. टाके निघाले की या. तोवर फोन मीच लावेन, डाव्या हाताने.

तुमची,
मनू