ऑल्बनीचा ६४ गुणांनी विजय, जो कधी झालाच नाही

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलवरचा लेख मी शार्लटमध्ये, लेकीच्या स्वयंपाकघरात बसून वाचला. मराठी वर्तमानपत्राने ‘मार्च मॅडनेस’ला, म्हणजे मार्चमधल्या कॉलेज संघांच्या बाद स्पर्धेला, अर्धे पान दिले याचा आनंद झाला, आणि तो चौथ्या परिच्छेदापर्यंत टिकला. तिथे लेखकाने साखळी लावली आहे: पहिल्या संघाने दुसऱ्याला हरवले, दुसऱ्याने तिसऱ्याला नऊ गुणांनी हरवले, तिसऱ्याने चौथ्याला घाम फोडला होता, सबब पहिला चौथ्याला ‘सहज’ लोळवेल. मी मिरजेत ३१ वर्षे गणित शिकवले. ‘सबब’ हा शब्द असा फुकट खर्च झालेला मला पाहवत नाही.

लेखकाच्याच रीतीने एक उदाहरण सोडवू. जानेवारी २०१८ मध्ये ऑल्बनीच्या संघाने यूएमबीसी, म्हणजे मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटीतल्या संघाला ८३-३९ असे धुतले. फरक ४४ गुणांचा. १६ मार्चला त्या बाद स्पर्धेत याच यूएमबीसीने अव्वल मानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ असे हरवले. फरक २० गुणांचा. बेरीज करा. ऑल्बनी व्हर्जिनियाला ६४ गुणांनी हरवणार! त्या ऑल्बनीला स्पर्धेत प्रवेशसुद्धा मिळाला नव्हता, आणि व्हर्जिनिया ३१ सामने जिंकून, फक्त दोन हरून आली होती. साखळी अजून लांबवायची तर, दोनच दिवसांनी यूएमबीसी कॅन्सस स्टेटकडून ४३-५० अशी हरली. म्हणजे कॅन्सस स्टेट व्हर्जिनियापेक्षा २७ गुणांनी भारी. वर्गात कुणी असे उत्तर आणले असते तर मी वही परत दिली असती.

व्हर्जिनिया हरली तो सामना याच शार्लट शहरात झाला. आमचे जावई तिकीट काढून गेले होते. मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती. सकाळी नातीला पोहायला न्यायचे म्हणून ते उठून घरी आले, कारण व्हर्जिनिया जिंकणार हे ठरलेलेच होते. स्पर्धेचे चार विभाग असतात आणि प्रत्येकात पहिले ते सोळावे मानांकन. तोपर्यंत पुरुषांच्या स्पर्धेत सोळावे मानांकन असलेले संघ पहिल्या मानांकनाच्या संघांशी १३५ वेळा खेळले होते आणि १३५ वेळा हरले होते. त्या मोसमात व्हर्जिनियाने प्रतिस्पर्ध्यांना सरासरी ५५ गुणही करू दिले नव्हते. यूएमबीसीने एकट्या उत्तरार्धात ५३ केले. जावई गाडी चालवत होते.

आता प्रश्न असा की साखळी तुटते कुठे? लोक म्हणतात, नशीब. ते अर्धे खरे आहे. त्या रात्री यूएमबीसीने तीन गुणांचे, म्हणजे लांबून चेंडू टाकायचे, २४ प्रयत्न केले आणि १२ साधले. व्हर्जिनियाचे २२ पैकी ४ पडले. शिवाय व्हर्जिनियाचा खेळच संथ, चेंडू धरून ठेवणारा. कमी चाली म्हणजे फासे कमी वेळा टाकणे, आणि फासे कमी वेळा टाकले की दुबळ्याची आशा वाढते. त्यांचा डीआंद्रे हंटर मनगट मोडून बाहेर बसला होता, हेही विसरू नये. ३९ करणारा संघ आणि ७४ करणारा संघ यांचे नाव तेवढे एक.

पण नुसत्या नशिबावर सगळे ढकलले तर लेखक म्हणतील, मग पुष्कळ सामन्यांची सरासरी काढली की माझी साखळी बरोबर ठरेल. तिथेच खरी मेख आहे. आपण शाळेत केलेला जादूचा चौरस आठवा, कुठूनही बेरीज १५ येणारा: ४, ९, २ ही पहिली ओळ, ३, ५, ७ ही दुसरी, ८, १, ६ ही तिसरी. नातीचे तीन लाकडी ठोकळे घेऊन मी एकेका ठोकळ्यावर एकेक ओळ लिहिली, प्रत्येक आकडा दोन बाजूंना. तिन्हींची सरासरी पाचच. तरी पहिला ठोकळा तिसऱ्याला नवात पाच वेळा हरवतो, तिसरा दुसऱ्याला नवात पाच वेळा, आणि दुसरा पहिल्याला नवात पाच वेळा. लाख वेळा फेका, हे चक्र बदलत नाही. ‘यातला सर्वांत भारी ठोकळा कोणता?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. उंची एकट्या माणसाची असते, म्हणून ती ओळीने लावता येते. जिंकणे दोघांत मिळून घडते. कुस्तीचे मैदान पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागू नये: पटात हात घालणाऱ्याला एक जण भारी पडतो, आणि त्या एकाला ढाकवाला उचलून टाकतो.

बास्केटबॉलमध्ये असा जोडीचा हिशेब पाहायचा तर २०२३ चा पर्ड्यू घ्या. अव्वल मानांकन, मध्ये सात फूट चार इंचांचा झॅक ईडी. समोर फेअरली डिकिन्सन, पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतला सर्वांत बुटका संघ. कागदावर याहून विषम जोडी नसेल. पण बुटक्यांनी ईडीभोवती गराडा घातला, चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचू दिला नाही आणि बाकीच्यांना सांगितले, मारा लांबून. पर्ड्यूने तीन गुणांचे २६ प्रयत्न केले, ५ पडले. बुटके ६३-५८ असे जिंकले. आणि हा फेअरली डिकिन्सन त्याआधी स्वतःच्या लीगच्या अंतिम सामन्यात मेरीमॅककडून ६६-६७ असा हरला होता! लीग जिंकणाऱ्याला मोठ्या स्पर्धेत जागा मिळते, पण मेरीमॅक खालच्या श्रेणीतून नुकताच वर आलेला, नियमाने अजून अपात्र, म्हणून हरलेल्याला जागा मिळाली. साखळी लावा: मेरीमॅक पर्ड्यूपेक्षा सहा गुणांनी सरस.

लेखकावर मी फार रागावलेलो नाही. पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक संघ, प्रत्येकाचे मोसमात तीसेक सामने, आणि ६८ जणांच्या बाद स्पर्धेत गाठ पडते ती बहुधा कधीच न भेटलेल्यांची. तुलना करणार कशी? निवड समितीचे जुने सूत्र, २०१८ पर्यंत चाललेले, त्यात ५० टक्के वजन प्रतिस्पर्ध्यांच्या यशाला आणि २५ टक्के प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या यशाला होते. तोही एक प्रकारे साखळीचाच हिशेब. मात्र त्यात सगळ्या मोसमाचे सामने यायचे, सोयीचे तीन नव्हे, आणि सूत्राने कधी ‘सहज’ म्हटले नाही.

आणि एकाच जोडीचे निकालही स्थिर नसतात, ते वेगळेच. यूएमबीसी व्हरमाँटशी सलग २३ सामने हरली होती. चोविसावा, म्हणजे त्यांच्या लीगचा अंतिम सामना, ६५-६२ असा जिंकला, शेवटच्या सेकंदात, म्हणून तर ती शार्लटला आली. तिथे हरलेली व्हर्जिनिया पुढच्याच वर्षी विजेती झाली.

तरी लेखकाने पुढच्या रविवारी निदान ‘सहज’ एवढा शब्द मागे घ्यावा.

जावयांशी ठोकळ्यांचा डाव रोज रात्री भांडी घासण्यावर चालतो. पहिला ठोकळा त्यांनी निवडायचा, मग मी. ‘सासऱ्यांचा मान’ म्हणून ते कधी मलाही आधी निवडायला सांगतात. मी नाही म्हणतो.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, मिरज (सध्या मुक्काम शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

(नाव छापू नये. जावई आपले वर्तमानपत्र वाचतात.)