परमिट रूममधला धूर आणि कोणी न विचारलेले जनमत : राज्य उत्पादन शुल्क मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
राज्य उत्पादन शुल्क विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : भोजनालये, धाबे आणि परमिट रूम येथील धूम्रपानबंदीची अंमलबजावणी

महोदय,
सविनय नमस्कार.

धूम्रपान हा आरोग्य खात्याचा विषय असताना हे पत्र माझ्याकडे कशासाठी, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे उत्तर असे, की आमच्या भागातील परमिट रूमचा मालक आरोग्य खात्याला भीत नाही आणि ग्रामपंचायतीत बहुधा त्याचाच कोणी नातलग बसलेला असतो. पण मार्च महिना लागला आणि परवान्याच्या नूतनीकरणाची फाइल तयार करायची वेळ आली, की आपल्या खात्याचा शब्द तो खाली पडू देत नाही.

मी वणी तालुक्यात, वरोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक लहान भोजनालय चालवतो. सहा टेबले, चोवीस खुर्च्या आणि बाहेर कडुलिंबाखाली चार बाजा, एवढाच पसारा आहे. दारूचा परवाना माझ्याकडे नाही आणि मला तो नकोही आहे. कोळशाच्या ट्रकचे चालक, बाजाराला आलेले कास्तकार आणि लग्नसराईत बायकामुलांसह उतरणारी कुटुंबे हे माझे गिऱ्हाईक. भाकरी आणि पाटवडीचा रस्सा माझी पत्नी स्वतः करते. तिने कितीतरी वर्षे चुलीपुढे खोकण्यात घालवली. गॅस आला तेव्हा धुराचा जाच संपला असे आम्हाला वाटले होते. पण उन्हाळ्यात दारे लोटून कूलर सुरू केला, की त्याचा झोत समोरच्या टेबलावरचा बिडीचा धूर उचलून थेट स्वयंपाकघराच्या दारात नेऊन सोडी. तिने एके दिवशी तवा उतरवला आणि मला विचारले, “चुलीचा धूर घालवला, आता हा कोणाच्या घरचा?” त्याच आठवड्यात मी टेबलांवरचे पत्र्याचे रक्षापात्र उचलले आणि भिंतीवर धूम्रपानबंदीचा फलक लावला.

हे मी उशिरा केले, हे कबूल करतो. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ४ ने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केलेली आहे आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी उपाहारगृहाच्या मालकावर स्पष्ट जबाबदारी टाकलेली आहे : प्रवेशद्वारावर फलक असावा, तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव त्यावर असावे, रक्षापात्र, काडीपेटी किंवा लायटर ग्राहकाला पुरवू नये. म्हणजे माझ्या टेबलावर इतकी वर्षे जे पत्र्याचे भांडे होते, तेच मुळात बेकायदा होते. मला ते कोणी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही.

आता जनमताकडे वळतो, कारण अंमलबजावणीचा विषय निघाला की “लोकांना ते चालणार नाही” हे वाक्य सर्वांत आधी पुढे येते. कोणत्या लोकांना? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३.८ टक्के आहे, म्हणजे शंभरात चारही नाहीत. धूरविरहित तंबाखू खाणारे मात्र २४.४ टक्के आहेत आणि आमच्या विदर्भात पानठेल्यावर पन्नीत घोटला जाणारा खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण, पाहिला, की त्या आकड्याचे नवल वाटत नाही. खर्रा हा वेगळा आणि मोठा रोग आहे, त्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल. येथे मुद्दा एवढाच, की ज्यांच्या नाराजीच्या भीतीने कायदा कपाटात ठेवला जातो, ते चार जणही नाहीत आणि उरलेल्या शहाण्णवांना कोणी विचारलेले नाही.

ते स्वतःहून बोलत नाहीत, हेही खरे. गावाकडे शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस अनोळखी नसतो. तो कृषी केंद्राचा मालक असतो, ज्याच्याकडून बियाणे उधारीवर आणायचे असते, किंवा नात्यातला वडीलधारा असतो. त्याला “बिडी विझवा” असे म्हणण्यापेक्षा लेकराला मांडीवरून उचलून दाराशी नेणे सोपे जाते. मी गल्ल्यावर बसून हे अनेकदा पाहिले आहे. बाई पदर नाकाला लावते, पुरुष खुर्ची थोडी सरकवतो, ताट अर्धे टाकून मंडळी उठतात आणि जाताना “जेवण छान होते” असे म्हणतात. हे न बोललेले मत कोणत्याही खात्याच्या अहवालात येत नाही.

फलक लावल्यावर मला सर्वांत मोठे आश्चर्य वाटले ते बिडी ओढणाऱ्यांचे. दोन-तीन जुने गिऱ्हाईक रागावून पुढच्या धाब्यावर गेले आणि त्यांतला एक अजूनही परतलेला नाही. ते नुकसान मी सोसले. ट्रकचालकांपैकी काहींचे म्हणणे असे, की रात्रभर गाडी हाकताना डोळे मिटतात, बिडीने तरतरी येते. त्यांच्यासाठी मी पाण्याच्या टाकीपलीकडे एक बाक टाकून दिला. पण बहुतेकांनी कुरकुर केली नाही. एका वयस्क कास्तकाराने तर फलक वाचून बाहेर काढलेला बिडीचा कट्टा परत खिशात सारला आणि म्हणाला, “मी ओढतो बावा, पण नातवाच्या ताटावर धूर नाई सोडत.” कायद्याला विरोध करणारा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, तो माणूस हाच आहे.

दुसरा आक्षेप रोजगाराचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांत उन्हाळ्यात बिडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याच्या हंगामावर हजारो कुटुंबांच्या हाती रोख पैसा येतो. परंतु जेवणाच्या टेबलावर बिडी पेटवू नका, असे म्हटल्याने कोणाच्या पुड्याचा भाव पडत नाही. बिडी बाकावर बसून ओढली जाते, एवढाच फरक पडतो.

खरी अडचण आहे ती परमिट रूमची, म्हणून हे पत्र आपल्याला. कायद्याने तीस किंवा त्याहून अधिक आसने असलेल्या उपाहारगृहालाच स्वतंत्र धूम्रपान कक्ष ठेवण्याची मुभा दिली आहे. तो कक्षही कसा, तर चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारे दार आणि हवा थेट बाहेर टाकणारी व्यवस्था. शिवाय २०१७ च्या दुरुस्तीनंतर त्या कक्षात खाद्यपेय वाढण्यास मनाई आहे. आमच्या पट्ट्यात स्मोकिंग झोन म्हणून जे दाखवले जाते, ते मागच्या अंगाला उभारलेले टिनाचे शेड असते, त्याला हिरवी जाळी बांधलेली असते आणि तेथेच चकण्यासह पेले मांडले जातात. वेटर रात्री अकरापर्यंत त्याच धुरात येजा करतो. ग्राहक तासाभरात उठून जातो, पण वेटरला उठता येत नाही आणि दुसऱ्याच्या धुरानेही कर्करोग व हृदयविकार होतो, हे आता वैद्यकशास्त्रात वादाचे राहिलेले नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ या काळात दारूबंदी होती, तेव्हा वर्धा नदीच्या अलीकडच्या आमच्या भागात काय गर्दी उसळली हे आपल्या खात्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्याच काळात अशाच एका ठिकाणच्या धुराबद्दल मी तक्रार करायला निघालो. पहिल्या कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने रुग्णालयाकडे, आणि तेथील कर्मचाऱ्याने अत्यंत सौजन्याने मला तंबाखूचे दुष्परिणाम सांगणारे एक पत्रक दिले. ते अजून माझ्या गल्ल्यात आहे. दोनशे रुपयांपर्यंतच्या दंडाची पावती कोणी फाडायची, हे मला त्या दिवशी शेवटपर्यंत कळले नाही.

महोदय, गावाचे मत कसे मोजावे हे आपल्या खात्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. दारूचे दुकान बंद करण्यासाठी पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की गुप्त मतदान होते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या चिन्हावर, शिक्का मारला, की दुकानाला कुलूप लागते. बायका त्या दिवशी घरातल्या पुरुषांना न विचारता शिक्का मारून येतात. जेवणाच्या टेबलावर पदर नाकाला लावणाऱ्या याच बायका आहेत. धुरासाठी तर मतदानाचीही आवश्यकता नाही, कारण कायदा आधीच झालेला आहे.

माझी मागणी मर्यादित आहे. येत्या ३१ मार्चपूर्वी एफएल-३, म्हणजे परमिट रूमच्या, परवान्यांचे नूतनीकरण करताना निरीक्षकाने तीन गोष्टी प्रत्यक्ष जागेवर पाहाव्यात आणि फाइलमध्ये त्यांची नोंद करावी : दारावर मराठीतला फलक आहे काय आणि त्यावर तक्रार घेणाऱ्या माणसाचे नाव व चालू असलेला फोन क्रमांक आहे काय, टेबलांवर रक्षापात्रे आहेत काय, आणि धूम्रपान कक्ष असल्यास त्याला भिंती आहेत की जाळी. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा कर्मचारीही लागत नाही. जागेची पाहणी करायला माणूस जाणारच असतो, त्याने नजर थोडी वर उचलावी.

एक शंका मात्र मला स्वतःला आहे. कायद्याच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळलेली आहे, तर नियमांनी लोकांची ये-जा असलेल्या काही मोकळ्या जागा पुन्हा आत घेतल्या आहेत. धाब्याच्या अंगणातल्या बाजा यांपैकी कशात बसतात, यावर आमच्या रस्त्यावर दर आठवड्याला वाद होतो. तेथेही लोक ताट घेऊन बसतात आणि लेकरे तेथेच खेळतात. आरोग्य खात्याशी विचारविनिमय करून याचे उत्तर लेखी कळवावे. बाजांना नियम लागू होत असेल, तर दुसरा फलक मी करून ठेवला आहे. तो कडुलिंबाला ठोकायचा तेवढा बाकी आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक भोजनालयचालक
तालुका वणी, जिल्हा यवतमाळ